खुलासा : ‘जंगलतोडमुक्त’ सरकारी खरेदी म्हणजे परदेशी लाकडावर बंदी नव्हे

नाशिकच्या लाकूड व्यापाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे, की परदेशी सरकारांनी जंगलतोडमुक्त खरेदीचे नियम केले म्हणजे बाहेरच्या लाकडाला त्या देशांत दार बंद झाले. हे खरे नाही. असे नियम सरकारला ग्राहक म्हणून लागू होतात. खासगी व्यापार त्यांच्या कक्षेत येत नाही. जपानने 2006 साली आपल्या सरकारी खरेदीत लाकडाच्या कायदेशीरपणाचा पुरावा मागायला सुरुवात केली, तरी त्या देशाची लाकडाची आयात थांबली नाही. युरोपीय संघाचा 2023 चा कायदा याहून वेगळा आहे, कारण तो संपूर्ण बाजारपेठेसाठी केलेला आहे. मात्र तोही देशावर बंदी घालत नाही, तर 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल नाकारण्याची आणि त्यासाठी जमिनीचे नेमके स्थान मागण्याची तरतूद करतो.

द्राक्षनिर्यातीसाठी बागेची नोंदणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना ही पद्धत नवी वाटू नये. खरी अडचण कागदपत्रांच्या खर्चाची आहे, आणि ती लहान उत्पादकांना सर्वाधिक जाचते. शिवाय नाकारलेला माल पुरावा न मागणाऱ्या बाजाराकडे वळू शकतो, ही चिंता मला बंदीच्या अफवेपेक्षा कितीतरी गंभीर वाटते.