गोदाकाठची बारीक नजर : गाथेपासून चित्रवहीपर्यंत

नाशिकच्या पांडवलेण्यांत आलेली माणसे बहुधा खांबांवरचे प्राणी पाहून खाली उतरतात. दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख मात्र थांबून समजून घ्यावा असा आहे. नहपान या क्षत्रप राजाच्या या जावयाने लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायमची ठेव गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली. पहिल्या श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज होते २४०. वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ द्यायचे, म्हणजे हिशेब चोख बसतो. हे गोवर्धन आजही गंगापूर रस्त्याला आहे. दानाच्या लेखात पुण्याची भाषा असतेच. इथे तिच्या जोडीला कापड, व्याजाचा दर आणि माणसांची संख्याही दगडात कोरलेली आहे.

रोजच्या जगण्याचे साहित्यातले निरीक्षण म्हटले की आपण एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीपासून सुरुवात करतो. गोदावरीच्या खोऱ्यात ही गोष्ट फार जुनी आहे. नाशिकच्या लेण्यांत ज्या सातवाहनांचे लेख आहेत, त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा संग्रह आहे. कोटी गाथांतून हालाने सातशे निवडल्या, असे त्या संग्रहातच म्हटले आहे. त्यांत राजे-देव थोडे. नांगर धरणारा, घर सांभाळणारी, वाटसरू, सासू, गावचा पाटील अशी माणसे जास्त. गोदावरीचा काठही पुन्हा पुन्हा येतो.

गाथेची जागा फार थोडी. पहिल्या ओळीत १२ आणि १८, दुसरीत १२ आणि १५, अशा एकूण ५७ मात्रा. एवढ्यात माणूस उभा करायचा तर त्याची एकच हालचाल उचलावी लागते. पाणपोईवरची गाथा पाहा. वाटसरू वर बघत ओंजळीने पाणी पितो आणि बोटे किंचित फाकवतो, म्हणजे पाणी गळत राहील आणि पिणे लांबेल. पाणी घालणारी ते ओळखते आणि आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. प्रेमाचा शब्द कुठे नाही. एकाची बोटे आणि दुसरीच्या हातातली धार यांनी सगळे काम केले आहे. यात ‘लाजून’ किंवा ‘आतुरतेने’ असा एक शब्द घाला, गाथा तिथेच पडते. मात्रा वाया जातात हे एक, आणि वाचकाने स्वतः ओळखायचे ते आपणच सांगून टाकतो हे दुसरे. दुसऱ्या एका गाथेत स्वयंपाकघरातल्या बाईचा काजळी लागलेला हात चेहऱ्याला लागतो आणि नवरा हसतो : आता तुझे तोंड चंद्रासारखे झाले, डागासकट. चंद्रमुखीची उपमा तेव्हाही जुनीच असणार. चुलीच्या काजळीने ती पुन्हा खरी झाली.

मराठी गद्य सुरू झाले तेही असेच नोंदी करत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून गोळा केल्या. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी निघाल्या तर दुसरीही टिपून ठेवली. महानुभावांच्या स्थानपोथीत तर स्वामी कुठे बसले, दार कोणत्या दिशेला होते, असा तपशील आहे. भक्तीपोटी केलेले हे काम आज त्या काळातल्या घरांचा, जेवणाचा आणि बोलीचा सर्वांत विश्वसनीय दाखला ठरले आहे.

इंग्रजी अमलात १८८३ साली नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. पिके, भाव, जाती, घरे, कपडे, सगळे त्यात आहे. कारभारासाठी केलेली ही नोंद उपयोगी खरीच, पण तिच्यात माणूस गटाने दिसतो, एकेकटा दिसत नाही.

ती उणीव लक्ष्मीबाई टिळकांनी भरून काढली. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळा नाही, वाचन-लेखन लग्नानंतर. १९३४ पासून भागाभागाने आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नाही, आणि त्यात सगळ्या घराची फरफट होते. लक्ष्मीबाई वडिलांना दोष देत बसत नाहीत. कोण काय बोलले, मग काय झाले, एवढे सांगतात. हसू आणि दुःख दोन्ही त्यातूनच येतात. आत्मचरित्र लिहिणाऱ्याने शिकावे ते हे. निकाल आधी दिला की प्रसंग मरतो.

कुसुमाग्रजांच्या ‘कणा’मध्ये पुराने काय नेले ते घरातल्या वस्तूंनीच कळते : भिंत खचली, चूल विझली. गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या आणि नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला पाणी लागले की पुराचा अंदाज बांधणाऱ्या गावाला ही कविता समजावून सांगावी लागत नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी वस्तीतले जगणे गाण्यात आणले, तेही वस्तीच्याच बोलीत.

बाबूराव बागूल विहितगावचे. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो आणि भाड्याची खोली शोधतो. खोली शोधणे यापेक्षा साधी गोष्ट ती कोणती? पण जातीच्या एका चौकशीत सगळी समाजव्यवस्था उभी राहते. बारीक निरीक्षण म्हणजे हळुवार, सुखद काहीतरी, हा समज बागुलांनी मोडून काढला. आमच्या मते मराठी कथेवरचा हा त्यांचा सर्वांत मोठा उपकार आहे.

चित्रात हाच प्रवास घाटावर आला. शिवाजी तुपे यांच्यासारख्या नाशिकच्या निसर्गचित्रकारांनी जागेवर बसून रंगवण्याची वाट रुळवली, आणि आजही रामकुंडाजवळ पोरे वह्या घेऊन बसलेली असतात. त्यांची एक चूक ठरलेली : खालच्या पायरीवर बसून वरच्या पायऱ्या काढताना त्यांचा सपाट भागही दाखवतात. डोळ्याच्या रेषेच्या वर असलेल्या पायरीची फक्त उभी बाजू दिसते. माहीत असलेले काढले आणि दिसलेले राहिले, की घाट घसरल्यासारखा दिसतो. दुसरी चूक काळ्या दगडाची. ट्यूबमधला काळा सरळ लावला की कागदाला भोक पडल्यासारखे वाटते. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून केलेला गडद रंग दगडासारखा बसतो. इथे नदी दक्षिणेकडे वळते, म्हणून सकाळी गावाकडचा काठ उजळतो आणि दुपारनंतर पंचवटीकडचा. सावल्या पहिल्या दहा मिनिटांत एकदम टाकून घ्याव्यात. तासाभराने पुन्हा बघून दुरुस्त केल्या तर एका चित्रात दोन सूर्य होतात. एप्रिलमध्ये जलरंगाचा हात देता देता वाळतो आणि कडा उमटतात, म्हणून कागद आधी ओला करावा. पावसाळ्यात उलट, दुसरा हात देण्याआधी थांबावे लागते. धुणे धुणाऱ्या बाईची एकच अवस्था निवडावी. कपडा वर गेलेला क्षण पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे ती हलली तरी अडत नाही.

जुन्या नाशकातले वाडे दर पावसाळ्यात ढासळतात, आणि चित्रवहीला त्यामुळे नोंदवहीचे काम आले आहे. वाडा काढताना आधी खण मोजावेत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. तेच माप धरले की दर्शनी भागाचे प्रमाण चुकत नाही. मग ओटा, दिंडी (मोठ्या दारातले छोटे दार), देवळ्या (भिंतीतले कोनाडे), गॅलरीचे कठडे. कागदाच्या कोपऱ्यात गल्लीचे नाव, तारीख, वेळ आणि आपण कुठल्या बाजूला बसलो होतो ते लिहावे. वाडा पाडला की त्या चित्रातून मागचे काही शोधणाऱ्याला या चार गोष्टी लागतात.