प्रकाशीय विशोषण (आंतरतारकीय बर्फ)

अवकाशातील धूलिकणांवर साठलेल्या बर्फावर अतिनील (जंबुपार) प्रकाश पडला असता त्यातील रेणू पृष्ठभाग सोडून वायुरूपात येतात, या क्रियेस प्रकाशीय विशोषण म्हणतात. येथे ‘बर्फ’ या संज्ञेत पाण्याबरोबर गोठलेले कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डाय-ऑक्साइड, अमोनिया, मिथेनॉल इत्यादींचाही समावेश होतो.

दाट रेणवीय मेघांच्या (अवकाशातील वायू व धूळ यांच्या थंड ढगांच्या) गाभ्यात तापमान सु. १० केल्व्हिन (सु. –२६३° से.) असते आणि कार्बन मोनॉक्साइड २० केल्व्हिनच्या आसपासच गोठते. दर घन सेंमी.मध्ये वायूचे दहा हजार कण असतील, तर साधारण एक लाख वर्षांत हा वायू धूलिकणांवर गोठून बसावा, असे गणित सांगते. प्रत्यक्षात गाभ्यात तो बराच घटलेला दिसला, तरी पूर्णपणे नाहीसा होत नाही. एवढ्या थंडीत केवळ उष्णतेने रेणू सुटणे शक्य नसल्याने वेगळे कारण शोधावे लागले. डब्ल्यू. डी. वॉटसन व ई. ई. सॅलपीटर यांनी १९७२ मध्येच प्रकाशीय विशोषणाचा विचार मांडला होता.

ताऱ्यांचा अतिनील प्रकाश मात्र धुळीमुळे गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. या अडचणीवर एस. एस. प्रसाद आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. पी. तराफदार यांनी १९८३ मध्ये उत्तर सुचविले : विश्वकिरणांमुळे (अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान विद्युत् भारित कणांमुळे) हायड्रोजन रेणूंपासून सुटलेले इलेक्ट्रॉन इतर हायड्रोजन रेणूंना उत्तेजित करतात व ते रेणू मेघाच्या आतच अतिनील प्रकाश देतात. हा प्रकाश अत्यंत क्षीण, म्हणजे दर चौ. सेंमी.वर सेकंदाला सु. दहा हजार फोटॉन (प्रकाशकण) इतकाच असतो; मेघाबाहेर हाच आकडा सु. दहा कोटी आहे.

एका फोटॉनमागे किती रेणू सुटतात, हा सर्वांत वादाचा मुद्दा ठरला. प्रयोगात अतिनिर्वात कोठीत थंड केलेल्या पृष्ठभागावर वायूचे पातळ थर गोठवितात, त्यांवर हायड्रोजन दिव्याचा प्रकाश सोडतात आणि बर्फातील घट अवरक्त वर्णपटावरून मोजतात. लायडन (नेदर्लंड्‌स) येथे कारिन ओबर्ग व सहकाऱ्यांना २००७ मध्ये कार्बन मोनॉक्साइडसाठी सु. ०·००३ हे मूल्य मिळाले, तर माद्रिदच्या म्यून्योस कारो यांच्या गटास २०१० मध्ये त्याच्या दहापटीहून अधिक, सु. ०·०५. प्रयोगांतील तापमानाच्या फरकाचा काही वाटा मान्य केला, तरी मुख्य फरक दिव्यांच्या वर्णपटातून आला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. २०११ मध्ये फ्रान्समधील सोलेय सिंक्रोट्रॉनवर (हव्या त्या ऊर्जेचा तीव्र प्रकाश देणाऱ्या कणवेगवर्धकावर) एडिथ फायोल व सहकाऱ्यांनी दाखविले, की विशोषण फोटॉनच्या ऊर्जेवर अवलंबून असते : कार्बन मोनॉक्साइड जेथे प्रकाश जोराने शोषते, त्या ८ ते ९·५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (फोटॉनची ऊर्जा मोजण्याचे एकक) पट्ट्यात ते वाढते, तर हायड्रोजन अणूच्या लायमन-आल्फा या अतिनील वर्णरेषेच्या १०·२ इलेक्ट्रॉन-व्होल्टला ते क्षीण असते. ज्या दिव्यात या रेषेचे प्राबल्य, त्याने कमी मूल्य द्यावे, हे ओघानेच आले. पुढे वेगवेगळ्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वस्तुमानांच्या अणूंच्या) कार्बन मोनॉक्साइडचे थर एकावर एक रचून असेही आढळले, की फोटॉन शोषणारा रेणू खालच्या थरात असतो आणि सुटतो तो पृष्ठभागावरचा.

पाण्याच्या बाबतीत रेणू आधी फुटतो. त्यातून निघालेला वेगवान हायड्रोजन अणू शेजारच्या अखंड रेणूला ढकलून बाहेर काढू शकतो. हर्शेल दुर्बिणीला टीडब्ल्यू हायड्री ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत (२०११) आणि वृषभातील एल१५४४ या गाभ्यात (२०१२) आढळलेले थंड जलबाष्प याच क्रियेने निर्माण झाल्याचे मानतात. एल१५४४ च्या बाबतीत विश्वकिरणजन्य प्रकाश गृहीत धरावा लागतो.

मिथेनॉलचे चित्र वेगळे आहे. पूर्वीच्या गणिती प्रतिकृतींत त्याचे दर फोटॉनमागील मूल्य सु. ०·००१ धरीत, परंतु २०१६ मधील मापनांत अखंड मिथेनॉल एक लाख फोटॉनमागे जेमतेम एखादाच रेणू, किंवा त्याहूनही कमी, सुटताना दिसले. बहुतेक रेणू फुटून त्यांचे तुकडेच बाहेर पडतात. तरीही त्याच वर्षी टीडब्ल्यू हायड्रीच्या तबकडीत वायुरूप मिथेनॉल आढळले.