'रिप्लेस' आणि 'सब्स्टिट्यूट': आत कोण, बाहेर कोण?

इंदुरातील मराठी घरांत आजीच्या वहीबरोबर आता इंग्रजी पाककृतीही वाचल्या जातात, आणि या दोन क्रियापदांचा घोटाळा बहुधा तिथेच उघडकीस येतो. 'सब्स्टिट्यूट ऑइल फॉर घी' असे लिहिले असेल, तर तूप वगळून तेल घालायचे असते. 'रिप्लेस ऑइल विथ घी' असे असेल, तर तेल वगळून तूप. पदार्थांचा क्रम दोन्हीकडे तोच, कृती मात्र नेमकी उलट. मराठीत 'तुपाऐवजी तेल' म्हणा किंवा 'तेल, तुपाऐवजी' म्हणा, बाद कोण झाले हे 'ऐवजी' सांगून टाकते. त्यामुळे क्रमावर नजर ठेवण्याची सवय आपल्याला नसते. फुटबॉलच्या बातम्यांत अलीकडे 'सब्स्टिट्यूट'लाही 'विथ' जोडून बाहेर जाणाऱ्याचे नाव आधी घेतात. तो प्रयोग लिहिताना टाळावा, हे बरे.

अर्थाचाही फरक आहे. 'रिप्लेस'मध्ये जुने जाते आणि नवे त्याच्या जागेवर पूर्ण हक्काने बसते. जळालेला बल्ब काढून नवा लावतात, तसे. (घेतलेली वस्तू होती तिथे परत ठेवणे, हाही त्याचा एक अर्थ आहे.) 'सब्स्टिट्यूट' काम भागवतो, पण मूळ वस्तूचे सगळे अधिकार त्याला मिळतातच असे नाही.

क्रिकेटच्या नियमांत हे फार स्पष्ट दिसते. बदली क्षेत्ररक्षक हा 'सब्स्टिट्यूट'. त्याला फलंदाजी किंवा गोलंदाजी करता येत नाही. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी मात्र १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत पूर्ण खेळणारा खेळाडू घेता येतो, आणि नियमावली त्याला 'रिप्लेसमेंट' म्हणते, जरी बोलण्यात सर्रास 'कन्कशन सब्स्टिट्यूट' म्हटले जात असले. त्याच वर्षी नोव्हेंबरात होळकर स्टेडियमवरील कसोटी आटोपून बांगलादेशचा संघ कोलकात्याला गेला, तेव्हा तिथे लिटन दास आणि नईम हसन या दोघांना चेंडू लागला. मात्र हा पूर्ण खेळण्याचा हक्कही मूळ खेळाडूच्या भूमिकेपुरताच होता: नईम गोलंदाज असल्याने त्याच्या जागी आलेल्या तैजुल इस्लामला गोलंदाजी करता आली. लिटन यष्टिरक्षक-फलंदाज असल्याने त्याच्या जागी आलेला मेहदी हसन, स्वतः फिरकी गोलंदाज असूनही, फक्त फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण करू शकला.