तळ्यावर जाण्याआधी : गळ-तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) नेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी

दुकानात माल परत घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते. "गळ बेकार निघाला, दिवसभर बसलो, एक मासा लागला नाही." गळ हातात घेऊन पाहिला तर टोक शाबूत असतं. मग आम्ही विचारतो, तरंड्याखाली, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली, दोरी किती सोडली होती? "असेल हातभर." आणि बसले होते कुठे, तर बांधाजवळ, जिथे पाणी दोन पुरुष आहे.

म्हणून हे पत्रक. महागडा रॉड गळ्यात मारण्यासाठी नाही. आपल्याकडचे बरेच पाझर तलाव ७२च्या दुष्काळात मजुरांनी खोदलेले, आकाराने लहान. तिथे बांबूची काठी अजूनही भागवते.

आधी माशाचं तोंड बघा

बाजारात मासा घेताना त्याचं तोंड नीट पाहिलंत तर निम्मं काम झालं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, खालचा जबडा पुढे आलेला. तो वरच्या थरात खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे, त्याचा वावर मधल्या पाण्यात. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला, तो तळाचा गाळ चिवडतो. म्हणजे एकाच जागी, एकाच कणकेच्या गोळीला तिन्ही मासे लागतील ही आशा सोडा. कटल्यासाठी तरंड्याखाली दीड-दोन फूट दोरी पुरे. मृगळासाठी आमिष तळाला टेकलं पाहिजे.

खोली मोजायची सोपी रीत अशी. गळाला शिशाचा जड तुकडा अडकवून टाका. तरंडा बुडाला तर दोरी कमी पडली, आडवा पडला तर जास्त झाली. उभा राहून शेंडा जेमतेम दिसला की खोली कळली. पाच मिनिटांचं काम आहे, पण दहातले नऊ जण ते करत नाहीत.

उन्हाळ्यातली फसवणूक

एप्रिल-मेमध्ये पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून मचमच करताना दिसतात. लोक हरखून गळ टाकतात आणि हात हलवत परततात. तो मासा भुकेला नसतो, गुदमरलेला असतो. दिवसा शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही तो ओढून घेतं, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासा आमिषाकडे ढुंकून पाहत नाही. ऊन चढू द्या, आठ-नऊनंतर टाका. थंडीत कारण वेगळं, उपाय तोच : डिसेंबर-जानेवारीत गार पाण्यात मासा सुस्तावून खोल भागात बसतो, म्हणून पहाटे कुडकुडत बसण्यापेक्षा अकराला जा.

मासा कुणाचा?

तळं सरकारी असलं तरी त्यातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. कटला, रोहू, मृगळ यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं; साचलेल्या तळ्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. दरवर्षी संस्था बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडते. हे बीज आज सहज मिळतं त्याचं श्रेय १० जुलै १९५७ला ओडिशात झालेल्या प्रयोगाला. हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाला मेंदूलगतच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून हवं तेव्हा अंडी देण्यास लावलं. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागे. तेव्हा परवानगी संस्थेच्या माणसाला विचारूनच घ्या, आणि वीतभर रोहू लागला तर सोडून द्या.

चिलापीबाबत (तिलापिया) आम्हाला असली दया नाही. १९५२ साली देशात आणलेला हा मासा अंडी तोंडात सांभाळतो, वर्षातून अनेकदा वितो आणि एकदा तळ्यात शिरला की हटत नाही. मिळेल तेवढा न्या, तळून झकास लागतो. उलट मरळाच्या मागे लालसर पिल्लांचा झुबका दिसला तर गळ टाकू नका. त्या पिल्लांची राखण करणारा तोच असतो. थाई मांगूर हा परदेशी मासा मात्र कुणी फुकट दिला तरी तळ्यात सोडू नका, त्यावर २०००पासून बंदी आहे.

सामान

गळाचा नंबर जेवढा मोठा तेवढा गळ लहान, हे काउंटरवर रोज सांगावं लागतं. चिलापीला ८ किंवा १०, रोहू-मृगळाला ४ ते ६. तंगूस ०.३० ते ०.३५ मि.मी. चालेल. गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. कोरडी ओढली तर घासून तंगूस जळतो आणि नेमका मोठा मासा असताना तुटतो. उन्हात टांगून ठेवलेला मागच्या वर्षीचा तंगूस वापरू नका.

कार्बनचा रॉड घेणाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगतो : त्यातून वीज वाहते. तळ्याकाठी पाणी उपसायच्या मोटारींच्या तारा डोक्यावरून गेलेल्या असतात. तारेखाली रॉड उभा करू नका, आणि ढग गडगडायला लागले की गुंडाळा. बांधाच्या दगडांवर शेवाळ असतं, आणि आटलेल्या तळ्यातला वरून वाळलेला गाळ आत मांडीभर असतो. गळ बोटात काट्यासकट घुसला तर उपसू नका, दवाखान्यात जा.

गुंतलेला, तुटलेला तंगूस काठावर टाकला की बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायात अडकतो. तो दुकानात आणून द्या, पिशवीभर असला तरी घेतो. आणि दोरी किती सोडायची ते काउंटरवरच विचारा. काही विकत घेतलं नाही तरी सांगू.