मातेराची गुहाघरे : मऊ दगड, पाण्याची टाकी आणि सक्तीचे स्थलांतर

इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुलिया, चवडा म्हणजे कालाब्रिया. मधल्या कमानीत बासिलिकाता. या प्रदेशाच्या पूर्व कडेला, ग्राविना नदीच्या घळीवर मातेरा वसले आहे. इथला दगड सागरी जीवांच्या कवचांच्या चुऱ्याचा, पिवळसर आणि मऊ. लोक त्याला ‘तुफो’ म्हणतात. हे नाव एरवी ज्वालामुखीच्या राखेच्या दगडाचे, पण इथल्या दगडाचा ज्वालामुखीशी संबंध नाही. कुदळीने तो सहज कोरता येतो, आणि मातेराचे भले-बुरे सगळे त्यातूनच घडले.

कड्यात खोली कोरायची, निघालेल्या चिऱ्यांनी तिच्यापुढे कमानदार दर्शनी खोली बांधायची, ही इथली रीत. खालच्या घराचे छप्पर हीच वरच्या घराची वाट. अशा वस्तीला ‘सास्सी’ म्हणतात. तिचे दोन भाग आहेत, सास्सो कावेओसो आणि सास्सो बारिसानो. मधल्या चिविता टेकडीवर तेराव्या शतकातले कॅथेड्रल उभे आहे.

खरे कौशल्य पाण्याचे. छपरावरचा पाऊस पन्हळीतून घंटेच्या आकाराच्या टाक्यात उतरे. दगड सच्छिद्र, म्हणून आतून चुना-सुरखीचा गिलावा हवाच. तो तडकला की टाके गळते. शहराच्या मुख्य चौकाखालचे पालोम्बारो लुंगो हे सार्वजनिक टाके सुमारे १५ मीटर खोल आहे आणि त्यात ५० लाख लिटर पाणी मावते. नळ आल्यावर ते विस्मरणात गेले; १९९१मध्ये पुन्हा सापडले.

१६६३ ते १८०६ मातेरा प्रांताची राजधानी होते. पुढे लोकसंख्या वाढली, जागा मात्र तेवढीच. मग टाकी आणि गोठेसुद्धा घरे झाली. टाक्याला खिडकी कुठली? ओल, अंधार, एकाच खोलीत कुटुंब आणि खेचर, त्यात मलेरिया. दोष गुहेवर टाकणे अन्यायाचे आहे. माणसांसाठी न कोरलेल्या जागांत माणसे राहू लागली, तिथे घात झाला.

इटालियन लेखक कार्लो लेव्ही यांच्या १९४५च्या पुस्तकाने ही दैना देशापुढे आणली. १९५२च्या कायदा क्रमांक ६१९ने सुमारे १५,००० लोकांना नव्या वसाहतींत हलवले. ला मार्तेल्ला ही त्यातली एक. घरे कोरडी, उजेडाची मिळाली, पण सामाईक अंगणाभोवतीचा ‘विचिनातो’ हा शेजार तुटला. इकडे रिकाम्या सास्सीत पन्हळी तुंबल्या, पाणी दगडात मुरले, छते ढासळली.

१९८६च्या कायदा क्रमांक ७७१ने दुरुस्तीला पैसा दिला. १९९३मध्ये युनेस्कोने सास्सी जागतिक वारशात घेतले. २०१९मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले.

याच प्रदेशातल्या क्राको या गावाच्या पायाखाली मात्र चिकणमाती आहे. १९६३च्या भूस्खलनानंतर ते गाव रिकामे होत गेले, आणि १९८०च्या भूकंपानंतर परतण्याची आशाही उरली नाही. आज तिथे हेल्मेट घालून, वाटाड्यासोबतच फिरता येते.