चूक सांगायला कोण धजावतं?

ज्या वॉर्डात परिचारिकांचं आपसांत चांगलं जमतं, तिथे औषध देताना चुका कमी होतील, असं कुणालाही वाटेल. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांचाही हाच अंदाज होता. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आकडे मात्र उलटे आले. चांगल्या वॉर्डांतच चुकांची नोंद जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला: तिथे चूक बोलून दाखवली जायची, इतरत्र ओरडा बसेल म्हणून दाबली जायची. वॉर्डची प्रमुख परिचारिका चुकीकडे कशी बघते, यावर बरंच अवलंबून होतं.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले प्राध्यापक एडगर शाइन संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगत. वर डोळ्यांना दिसणारं, मधे जाहीर केलेली मूल्यं आणि तळाशी कुणी न सांगता सगळे पाळतात ती गृहीतकं. हा तळ भाषणांनी घडत नाही. साहेब कशाची चौकशी करतो, कशावर भडकतो, बढती कुणाला देतो, हे बघून माणसं शिकतात.

लोअर परळच्या एखाद्या ऑफिसातली सोमवारची मीटिंग घ्या. नवी मुलगी चाचरत सांगते, "सर, मागच्या आठवड्याच्या बिलांत जीएसटी चुकीचा लागलाय." साहेब विचारतात, "कुणी केलं हे?" झालं. पुढच्या वेळी टेबलाभोवतीचं कुणीच तोंड उघडणार नाही. त्याऐवजी "किती बिलं गेली? आजच दुरुस्त करता येतील का?" असं विचारलं असतं, तर त्याच मिनिटात उलटा धडा मिळाला असता. मला हा फरक फार मोठा वाटतो, कारण त्याला पैसा लागत नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचा मुकादम त्याच कामातून वर आलेला असतो. डब्यांची वर्गवारी, वसुली, भांडणं मिटवणं, सगळ्यात त्याचा हात असतो. अडचण सांगायला केबिनचं दार ठोठवावं लागत नाही.

मात्र नेता आणि संस्कृती यांचं हे नातं दुहेरी आहे. शाइन यांच्या मते संस्थापक संस्कृती घडवतो. जुन्या संस्थेत मात्र नेता कसा असावा, हे संस्कृतीच ठरवू लागते. म्हणून नव्या मॅनेजरने पहिल्याच दिवशी "मोकळेपणाने बोला" म्हटलं, तरी लोक गप्पच राहतात. आधीच्या साहेबांचा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. पहिली वाईट बातमी कुणीतरी आणेपर्यंत ते नुसते बघत असतात.