पोरींचे गुडघे वाचवणारी वीस मिनिटं

कबड्डीत चढाईला गेलेली मुलगी बोनस घेऊन मध्यरेषेकडे वळते. पाय जागीच रुततो, वरचं अंग फिरतं आणि गुडघ्यात ‘कट्ट’ असा आवाज होतो. तिला कोणी धरलेलंही नसतं. गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट बहुतेक वेळा असंच तुटतं. दहापैकी साधारण सात जणींना समोरच्या खेळाडूचा थेट धक्का लागलेलाच नसतो. खो-खोत खांबावरून वळताना किंवा व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारून एका पायावर उतरताना हेच घडतं.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून बांधणारी, जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीची दोरी. नडगी पुढे सरकू न देणं आणि पिळू न देणं हे तिचं काम. सामन्यांचे व्हिडिओ तपासून केलेल्या अभ्यासांत दिसलं, की पाय टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत ती तुटते. त्या क्षणी गुडघा जवळपास सरळ असतो, आत झुकलेला असतो आणि सगळं वजन एकाच पायावर असतं. एवढ्या वेळात मेंदूला खबर जाऊन स्नायू आवळले जाणं शक्य नाही. पाय टेकण्याआधीच स्नायू तयार हवेत, आणि ही सवय शिकवता येते.

फुटबॉल-बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांच्या दोन ते तीन पट होते. मुलींचं लिगामेंट बारीक असतं, ते बसतं ती हाडातली खाच अरुंद असते. पाळीच्या चक्राशीही संबंध जोडला जातो, पण त्यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. यातलं काहीच आपल्या हातात नाही. हातात आहे ती ताकद. वयात येताना मुलांची उंची वाढते तशी स्नायूंची ताकदही झपाट्याने वाढते. मुलींची उंची-वजन वाढतं, ताकद मात्र त्या मानाने मागे राहते. म्हणून हा सराव सातवी-आठवीतच सुरू व्हायला हवा. आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-चिकोडीच्या शाळांत तालुका स्पर्धा तोंडावर आली की पंधरा दिवस मुलींना पळवायचं, ही पद्धत गुडघ्यांसाठी सगळ्यात वाईट. स्पर्धेच्या निदान सहा आठवडे आधी सुरुवात हवी.

२००६ साली फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने ‘११+’ हा वीस मिनिटांचा वॉर्मअप आणला. अशा कार्यक्रमांच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा मुलींमध्ये धक्क्याशिवाय होणाऱ्या एसीएलच्या दुखापती सुमारे दोन तृतीयांशाने कमी झालेल्या दिसल्या. त्याला मशीन लागत नाही, जिम लागत नाही. कबड्डी-खो-खोच्या मैदानावर तो असा बसवता येतो: आधी आठ मिनिटं हलकं धावणं, त्यात बाजूला सरकणं आणि उलटं धावणं. मग दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या. शेवटी दोन मिनिटं वेगात धावून दिशा बदलणं. आठवड्यातून निदान दोनदा, आणि स्पर्धा सुरू झाल्यावरही. मधेच सोडलं की फायदा ओसरतो.

मधल्या दहा मिनिटांत प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं, २० ते ३० सेकंद, तीनदा. आडवा प्लँक, म्हणजे तेच कुशीवर वळून एका कोपरावर, दोन्ही बाजूंनी. एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, दोनदा. स्क्वॉट (बैठका) आणि उड्या प्रत्येकी ३० सेकंद, दोनदा. त्याशिवाय नॉर्डिक हॅमस्ट्रिंग. मुलगी चटईवर गुडघ्यांवर उभी राहते, जोडीदारीण तिचे घोटे दाबून धरते. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत अंग सरळ ठेवून ती सावकाश पुढे झुकते आणि शेवटी हातांवर पडते. मांडीचे मागचे स्नायू नडगीला मागे खेचतात, म्हणजे थेट एसीएलचं ओझं हलकं करतात. पहिल्या आठवड्यात तीन ते पाच वेळाच करायचं. पहिल्याच दिवशी दहा वेळा करायला लावलं तर दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या ठणकतात की मुली पुन्हा यायचं नाव घेत नाहीत.

खरी चूक व्यायाम निवडण्यात होत नाही, तो बघण्यात होते. उडीवरून उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील, तर ती मुलगी दुखापतीचाच सराव करत असते. सरांनी-बाईंनी समोर उभं राहून पाहायचं: गुडघ्याची वाटी पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का, गुडघा वाकतोय का, उतरताना धप्प आवाज येतोय का. तीसेक सेंटिमीटर उंचीच्या पायरीवरून उतरून लगेच उडी मारायला लावा आणि मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर धरून स्लो मोशनमध्ये टिपा. ढगळ पँटमध्ये गुडघा दिसतच नाही. शॉर्ट्स घालायला संकोच वाटत असेल तर वाटीच्या वर आणि खाली पट्टी बांधा. व्हिडिओ बाईंनी किंवा मैत्रिणीने घ्यावा. मात्र या चाचणीवरून ‘हिला धोका, हिला नाही’ असं ठरवता येत नाही. व्यायाम सगळ्यांनीच करायचा.

मैदानाचाही वाटा असतो. बूट आणि पृष्ठभाग एकमेकांना जितके घट्ट धरतात, तितका वळताना पाय अडकतो; मातीवर खेळणाऱ्या मुली जिल्ह्याच्या स्पर्धेत एकदम मॅटवर उतरल्या की हा फरक जाणवतो. त्याआधी दोन-तीन वेळा तरी मॅटवर सराव मिळवा. अथणीकडची काळी माती सुकली की भेगाळते, त्या बुजवून घ्या. खानापूरच्या पावसात उड्या बंद ठेवून कोरड्या व्हरांड्यात प्लँक, तोल आणि नॉर्डिक चालू ठेवा.

आवाज होऊन दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, तर एसीएल तुटल्याची दाट शंका घ्यावी. खेळ तिथेच थांबवायचा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावायचा. चोळायचं नाही, ओढायचं नाही, हाडवैद्याकडे न्यायचं नाही. हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं. सूज उतरल्यावर मुलगी चालायला लागते आणि घरच्यांना ती बरी झाली असं वाटतं. अशा सैल गुडघ्यावर ती परत खेळली की आतली गादी, मेनिस्कस, फाटते. ऑपरेशन झालं तर निदान नऊ महिने स्पर्धा नाही, आणि त्यानंतरही दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या वर आल्याशिवाय चढाईला पाठवायचं नाही.